थरथर गाडीची, धडधड खिशाची!

सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतलीत आणि घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती थरथरते? गॅरेजवाला बॉनेट न उघडताच म्हणणार, 'क्लच प्लेट गेली.' तुम्ही मान डोलावणार. माझे १२ हजार असेच गेले, थरथर तशीच! अरे, आधी स्कॅनर लावायला सांगा ना. पी०३०१ कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर पहिल्याची दुसऱ्यावर लावून बघा. कोड पी०३०२ झाला, तर कॉइलच खराब. नाहीतर स्पार्क प्लग तपासा. आणि हो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाईल, तो फार महाग. माझी नुसती कॉइल निघाली. क्लच मात्र आता नवाकोरा आहे!