शिवण, गमेलिना आणि गम्हार

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील शिवण आमच्या वाचकांस नवी नाहीं. तिचें मूळ दशमुळांत पडतें, लांकूड हलकें पण टिकाऊ. शास्त्रीय नांव मात्र गमेलिना आर्बोरिया. ही प्रजाति लिनीयसानें १७५३ सालीं योहान गेओर्ग गमेलिन या जर्मन पंडिताच्या नांवें केली. गमेलिनानें धुंडाळला सैबेरिया, जेथें शिवण उगवणारहि नाहीं!

ध्वनिसाम्यामुळें कित्येक जण बाजारांतील 'गम्हार' हाहि गमेलिनाचाच अपभ्रंश समजतात. तें खरें नव्हे. गम्हार हें संस्कृत गंभारीचें हिंदी रूप होय, जर्मन पंडिताहून कितीतरी जुनें. आमच्या मतें रोपवाटिकेच्या पाटीवर तिन्ही नांवें असावींत, आणि शिवण अगोदर. एरव्हीं आपल्याच रानांतलें झाड परदेशी समजून शेतकरी तें बांधावर लावण्यास कचरेल, अथवा नवलाई म्हणून जादा दामानें विकत घेईल.