गाडी कुठवर आली?

आपल्याकडे कोणत्याही कामाचा आरंभ श्रीगणेशाने होतो. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर तो असतो, पत्राच्या कपाळावर असतो, आणि दिवाळीत व्यापारी नवी कीर्द उघडतो तेव्हा तिच्या पहिल्या पानावरही तोच असतो. संगणकालाही असा एक श्रीगणेशा असतो आणि तो अडला की पुढची सारी पोथी मिटलेलीच राहते. इंग्रजीत या आरंभाला 'बूट' होणे म्हणतात. पायातल्या बुटाशी या शब्दाचे खरोखरच नाते आहे. बूट ओढून चढवता यावा म्हणून त्याच्या मागे चामड्याची एक वादी असते. तीच वादी धरून माणसाने स्वतःला जमिनीवरून वर उचलायचे, अशी एक अचाट कल्पना इंग्रजी बोलण्यात आहे. तिच्यावरून हा शब्द आला. संगणकाची अडचणही तशीच असते. चालू व्हायचे तर आज्ञावली वाचायला हवी, आणि आज्ञावली वाचायची तर आधी चालू व्हायला हवे. आधी कोंबडी की आधी अंडे, हा वाद हे बापडे यंत्र रोज सकाळी काही सेकंदांत मिटवत असते.

हा विषय काढण्याला निमित्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार संपला. त्यापुढची अकरावी आवृत्ती घ्यावी, तर तिला एक ठरावीक सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही नव्या पिढीचा लागतो. त्यामुळे चांगली धडधाकट यंत्रे केवळ वयापायी अडगळीच्या वाटेला लागली. अशा वेळी कुणीतरी लिनक्सचे नाव सुचवतो. ही प्रणाली विनामूल्य मिळते, जुन्या यंत्राला जड होत नाही, आणि तिची डेबियन नावाची जी आवृत्ती आहे ती यंत्रावर चढवताना सूचना मराठीतून हव्यात असे सांगण्याचीही सोय असते. या डेबियनच्या नावात एक संसार दडला आहे. १९९३ साली इयान मर्डॉक याने ती सुरू केली, तेव्हा आपल्या प्रेयसीचे डेब्रा हे नाव त्याने पुढे ठेवले आणि आपले मागे जोडले. लग्नपत्रिकेत वराचे नाव आधी की वधूचे, यावर ज्यांच्या घरी खल झाला असेल त्यांनी याची नोंद घ्यावी.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त गार्डसाहेब राहतात. गार्ड म्हणजे रेल्वेचे. २०२२ साली रेल्वेने या पदाचे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केले. परंतु साहेब त्यापूर्वीच बरीच वर्षे घरी बसलेले होते, आणि आम्हीही त्यांना परस्पर बढती दिलेली नाही. सहा वर्षे हे गृहस्थ दोन बोटांनी टंकलेखन करून आपल्या आठवणी संगणकावर लिहीत आहेत. घाटातला पाऊस, रात्रीच्या पाळ्या, एकमार्गी लोहमार्गावरची लहान स्टेशने, सारे त्यात आहे. शेवटचे प्रकरण त्यांच्या दिवंगत पत्नीविषयी आहे आणि ते अजून कुणालाही वाचायला मिळालेले नाही. नवा संगणक घेणे त्यांच्या निवृत्तिवेतनाला परवडणारे नव्हते. तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांच्या यंत्रावर डेबियन बसवून दिले. आठवणी ज्या भागात होत्या तो भाग त्याने तसाच ठेवला. बाकीचे पुसून तिथे नवी प्रणाली घातली. "आजोबा, आधी एक प्रत काढून ठेवू या," असे त्याने म्हटले होते. त्यावर आजोबांनी "पुढच्या आठवड्यात" असे उत्तर दिले होते.

प्रणाली बसली, 'प्रतिष्ठापना पूर्ण' असा शुभसंदेश झळकला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. कंपनीचे बोधचिन्ह दिसले आणि मागोमाग काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: 'नो बूटेबल डिव्हाइस'. चालू करता येईल असे काही सापडत नाही.

अशा प्रसंगी सल्ल्यांचा कधी तुटवडा पडत नाही. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी डिस्क गेली म्हणून सांगून टाकले. कोपऱ्यावरच्या दुकानातला मेकॅनिक येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "सगळं फॉरमॅट मारून पहिल्यापासून टाकू, तासाभराचं काम." तासाभराचे काम आणि सहा वर्षांचे लिखाण! आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही आपली म्हण त्या दिवशी मला नव्याने कळली. गार्डसाहेब मात्र बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी माझ्या विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारला:

"गाडी कुठवर आली, ते सांग."

"म्हणजे, आजोबा?"

"अरे, गाडी आली नाही की लोक म्हणतात इंजिन बिघडलं. आम्ही तसं म्हणत नसू. आम्ही शेवटच्या स्टेशनला विचारायचो, तुमच्याकडून सुटली का? सुटली असेल तर पुढच्या टापूत शोधायची. सुटलीच नसेल तर पुढचे रूळ कशाला तपासायचे?"

मी मराठीचा मास्तर. यंत्रातले मला ते काय कळणार? परंतु त्या संध्याकाळी विद्यार्थ्याने हाच प्रश्न घेऊन आम्हाला सारा मार्ग समजावून दिला, आणि तो मला एखाद्या एकमार्गी लोहमार्गासारखाच दिसला. अशा मार्गावर पूर्वी स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हाती एक धातूचा गोळा देत असे. तो हाती असल्याखेरीज गाडीने पुढच्या टापूत शिरायचे नाही. संगणकातही असाच गोळा हातोहात पुढे जातो. पहिला मान फर्मवेअरचा. ही यंत्राच्या अंगात कारखान्यातच बसवलेली आज्ञावली. ती स्मृती, कळफलक, डिस्क यांची हजेरी घेते, डिस्कवरच्या एका छोट्या राखीव भागात डोकावते आणि तिथे ठेवलेल्या 'ग्रब' नावाच्या आज्ञावलीच्या हाती गोळा देते. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, शोधून स्मृतीत आणतो आणि त्याच्याबरोबर एक लहानसे गाठोडे देतो. डिस्क उघडायला लागणारी हत्यारे त्या गाठोड्यात असतात. परगावी निघालेल्या मुलाला आई शिदोरी देते तशी. कर्नल मुख्य भाग उघडतो, उरलेल्या सेवकांना उठवतो, आणि मग आपल्यापुढे नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा पडदा येतो. यातल्या प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता ठाऊक असतो. साऱ्या प्रवासाची माहिती कुणालाच नसते.

यातली खुबी अशी की, गाडी जिथे अडते तिथली खूण पडद्यावर उमटते. दिवासुद्धा लागला नाही, तर प्रश्न विजेचा किंवा यंत्राच्या अवयवांचा. बोधचिन्ह येऊन 'नो बूटेबल डिव्हाइस' आले, तर फर्मवेअरला पुढचा माणूस भेटला नाही. 'ग्रब रेस्क्यू' असे दोन शब्द आणि लुकलुकणारी रेघ दिसली, तर ग्रब भेटला, पण त्याचे उरलेले सामान सापडत नाही. डिस्कचे भाग मागाहून हलवले की पुष्कळदा असे होते. 'कर्नल पॅनिक' आले, किंवा 'इनिट-रॅम-एफएस' लिहून यंत्र थबकले, तर कर्नल जागा झाला आहे, पण त्याला मुख्य भाग उघडता आलेला नाही. आणि सगळ्या ओळी सुरळीत धावून अखेरीस पडदा काळा झाला, तर बहुधा दोष चित्र दाखवणाऱ्या चिपच्या आज्ञावलीचा; ग्रबच्या यादीत 'नो-मोड-सेट' हा शब्द तात्पुरता जोडून चालू केले की पुष्कळदा पडदा दिसू लागतो. म्हणून पडद्यावर जे वाक्य येते ते अक्षरशः उतरवून घ्यावे. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" एवढ्यावर कोणताही वैद्य औषध देऊ शकत नाही. त्या संध्याकाळी मी एवढेच काम केले. वहीत एकेक ओळ टिपून घेतली. पाठ्यपुस्तकातली संहिता तपासायची सवय अशी उपयोगी पडली.

आमची गाडी पहिल्याच स्टेशनावर होती, हे आता स्पष्ट झाले. पण दोष डिस्कचा की फर्मवेअरचा? विद्यार्थ्याने लिनक्सची 'लाइव्ह' आवृत्ती असलेला पेनड्राइव्ह लावला. या आवृत्तीचा गुण असा की, ती डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच सारी प्रणाली चालवते. यंत्र झटक्यात चालू झाले! म्हणजे स्मृती, प्रोसेसर, पडदा, सगळे ठणठणीत. त्याने डिस्क उघडली. आठवणींचा भाग जागच्या जागी होता. गार्डसाहेबांनी पुढे वाकून फायलींची नावे एकेक करून वाचली आणि शेवटच्या नावाशी येऊन थांबले. "उघडू का, आजोबा?" असे विचारल्यावर त्यांनी मान हलवली, "नको. आहे ना, बस." विद्यार्थ्याने पहिल्याप्रथम त्या सर्व फायलींची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढली. दुरुस्तीला हात त्यानंतर घातला. हा क्रम मला फार मोलाचा वाटला.

आता कोडे असे उरले की, पेनड्राइव्हवरून उठणारे यंत्र डिस्कवरून का उठेना? त्याच्या उत्तरातच उपाय होता. फर्मवेअरने डिस्कवर कोणाला हाक मारायची, याची नोंद नवी प्रणाली बसताना त्याच्या वहीत केली जाते. डेबियनने ती नोंद रीतसर केली होती. परंतु काही यंत्रांचे फर्मवेअर ही वही वाचतच नाही. त्याला दोनच पत्ते ठाऊक असतात: एक विंडोजचा, आणि दुसरा सर्वसाधारण पत्ता, जिथे पेनड्राइव्हसारख्या ये-जा करणाऱ्या वस्तूंची सुरुवातीची फाइल ठेवलेली असते. त्या दुसऱ्या पत्त्यामुळेच पेनड्राइव्ह चालत होता. हा पत्ता सर्वांच्या वापराचा असल्यामुळे डेबियन तिथे आपणहून मुक्काम ठोकत नाही. सभ्यपणाच तो, पण काही दारांवर सभ्य माणूस बाहेरच उभा राहतो. गोळा तयार होता, त्यावरचे नाव तेवढे स्टेशनमास्तरच्या ओळखीचे नव्हते.

इलाजही डेबियनच्या प्रतिष्ठापनेच्या पेनड्राइव्हमध्येच होता. त्यात 'रेस्क्यू मोड' नावाची एक वाट असते. तिथे आपली प्रणाली डिस्कच्या कोणत्या भागात आहे ते दाखवून द्यायचे. मग जी यादी येते तिच्यात ग्रबला त्या सर्वसाधारण पत्त्यावर बसवण्याची सूचना असते. ती निवडली. आठवणींच्या भागाला धक्काही लागला नाही. यंत्र पुन्हा चालू केले, बोधचिन्ह आले, ग्रबची यादी आली, आणि ओळींची एक लांबलचक गाडी धडधडत निघून गेली. गार्डसाहेबांचा उजवा हात नकळत वर गेला होता. त्यात हिरवी बावटी तेवढी नव्हती.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत असे जगाला कळवले. आज तीच प्रणाली मोठमोठ्या संगणकांपासून खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटापर्यंत सर्वत्र आहे. तिचा एक स्वभाव मला आवडतो. अडली की ती गुपचूप राहत नाही. कुठे अडले ते सांगते. ऐकून घेण्याचा धीर तेवढा आपल्याजवळ हवा.

आणि तो धीरच आपल्यापाशी कमी असतो. मुलगा एका विषयात नापास झाला की आपण त्याचे सारे आयुष्य फॉरमॅट करायला निघतो. दोन भावांत एक शब्द वाकडा गेला की साऱ्या नात्याची डिस्क गेली म्हणून सांगून मोकळे होतो. सगळे पुसून टाकण्याचा उपाय नेहमी हाताशी असतो, आणि तो तासाभराचाच असतो. त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. जे जपायचे आहे ते प्रथम सुरक्षित जागी न्यावे, आणि मग शांतपणे विचारावे, गाडी कुठवर आली? बहुधा ती फार दूर गेलेली नसते. पहिल्याच स्टेशनावर, ओळखीच्या एका नावाची वाट पाहत उभी असते.