दहा दिवस, आठ ठिकाणं

2025 च्या डिसेंबरची गोष्ट. मोठा मुलगा दोन वर्षांनी अमेरिकेहून सुट्टीवर यायचा होता. निघायच्या आधी महिनाभर त्याने मला व्हॉट्सॲपवर एक तक्ता पाठवला. दहा दिवस, आठ ठिकाणं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, घारापुरी, रायगड, कास, अजिंठा, वेरूळ, हंपी आणि शेवटी जुन्या गोव्याची चर्चेस. सगळी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतली. खाली लिहिलं होतं, "आई, एका सुट्टीत आठ! पोरीला सगळं दाखवून होईल."

मी पडले शिक्षिका. तक्ता हातात आला की आधी चुका दिसतात, सवय जात नाही. अजिंठा सोमवारी ठेवला होता आणि वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी! आणि कास डिसेंबरात? तिथली फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबरची. डिसेंबरात नेऊन पोरीला काय वाळकं गवत दाखवणार? फोनवर सांगितलं तर हसला आणि म्हणाला, "बरं, वार बदलतो, कास काढतो. मग सात."

चुका त्याने दुरुस्त केल्या, पण मला जे म्हणायचं होतं ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. खरं तर मलाच तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. म्हणून आज इथे लिहायला बसले.

अजिंठ्याला मी त्याआधी चार वेळा गेले होते. चारही वेळा शाळेची सहल घेऊन. त्यातली जानेवारी 1984 ची सहल पक्की लक्षात आहे. सातवी 'ब' ची बावन्न मुलं, एसटीची लाल गाडी, एका दिवसात अजिंठा आणि वेरूळ दोन्ही. आदल्याच वर्षी, म्हणजे 1983 साली, ही दोन्ही ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली होती. आग्र्याचा किल्ला आणि ताजमहाल त्याच वर्षीचे. भारतातली ती पहिली चार. पण आम्हाला शिक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. आम्ही पत्ता ठेवत होतो तो मुलांचा. लेण्यात शिरताना बावन्न, बाहेर येताना बावन्न. तुम्ही मला विचाराल की अजिंठ्यात काय पाहिलं, तर प्रामाणिक उत्तर आहे, पोरांच्या टोप्या. घरी येऊन मात्र "अजिंठा पाहिला" असंच सांगत आले, चाळीस वर्षं.

मुलाच्या तक्त्यात मला ती एसटी दिसली.

ही यादी वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. 1972 मध्ये त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 1978 मध्ये पहिली बारा ठिकाणं निवडली गेली. 2025 च्या जुलैतल्या बैठकीनंतर ती संख्या 1248 झाली, भारतातली 44. हे चव्वेचाळिसावं स्थान म्हणजे आपल्या शिवरायांशी नातं सांगणारे बारा किल्ले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. बातमी आली तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले, मीही खाल्ला.

यादीचा धाक असतो, हेही खरं. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराने एल्बे नदीच्या खोऱ्यात नवा पूल बांधायला घेतला, तर 2009 मध्ये ते खोरं यादीतून काढून टाकलं. आपली हंपीसुद्धा तुंगभद्रेवरच्या पुलाच्या बांधकामामुळे 1999 पासून 2006 पर्यंत 'धोक्यात असलेला वारसा' या यादीत होती. तेव्हा जतनासाठी ही यादी हवीच.

पण ती जतनासाठी आहे. सुट्टीत काय बघावं हे सांगायला ती कुणी केलेली नाही. एखादं ठिकाण यादीत जातं ते त्या देशाच्या सरकारने प्रस्ताव तयार करून पाठवला, तज्ज्ञांनी तपासला आणि समितीने मान्य केला म्हणून. ज्याचा प्रस्ताव गेला नाही ते कमी ठरत नाही. आणि सगळी यादी संपवायची म्हटलं, तर गणित करून पाहा. आठवड्याला एक ठिकाण धरलं तरी 1248 ला चोवीस वर्षं लागतात! माझं वय पंच्याहत्तरीला टेकलंय.

याचं अगदी जवळचं उदाहरण लोहगड. बारा किल्ल्यांतला एक. मळवलीला लोकलमधून उतरून गडाकडे चालायला लागलं की वाटेवर भाजे गाव लागतं आणि डोंगरात भाज्याची लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह आहे तिथे, म्हणजे गडावरच्या आजच्या तटबंदीपेक्षा कितीतरी जुनं. ते यादीत नाही. मुलगा आल्यावर दुसऱ्याच दिवशी मित्रांबरोबर लोहगड करून आला. मी विचारलं, "भाज्याला वर गेलास का?" तर म्हणाला, "नाही गं, ते लिस्टमध्ये नव्हतं." झालं! मग मला राहवलं नाही.

त्या रात्री आमचं चांगलंच वाजलं. त्याचंही चूक नव्हतं. दोन वर्षांनी येतो, रजा मोजून मिळते, पोरीला आपला देश दाखवायचा असतो. "पुढच्या वेळी कधी येईन मला माहीत नाही," म्हणाला. मी म्हटलं, "मला तेच सांगायचंय. ह्यांना पुढच्या वेळी दिसेल की नाही, मला माहीत नाही."

ह्यांना काचबिंदू आहे. बाजूची नजर गेली आहे, समोरचं तेवढं दिसतं आणि तेही आता कमी होत चाललंय. मुलाला आम्ही हे फोनवर कधी पूर्ण सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने ह्यांनाच विचारलं, "बाबा, तुम्हाला काय बघायचंय?" हे म्हणाले, "अजिंठा. तुझी आई चारदा गेली, मी एकदाही नाही."

गेलो. फक्त अजिंठा. फर्दापूरला दोन रात्री राहिलो. गाडी खालीच ठेवून एसटीच्या बसने लेण्यांपाशी गेलो. पायऱ्यांसाठी ह्यांना डोली केली. आधी लाजले, मग ऐटीत बसले. दोन दिवसांत आम्ही सगळी लेणी केली नाहीत. पाचच पाहिली, पण पाहिली. आत अंधार असतो, फ्लॅश चालत नाही. डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबलं की भिंतीतून एकेक माणूस पुढे येऊ लागतो. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मला पंच्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा दिसला.

सतराव्या लेण्यात गाभाऱ्याजवळच्या भिंतीवर एक चित्र आहे. भिक्षापात्र घेतलेले बुद्ध खूप मोठे, आणि त्यांच्यासमोर यशोधरा आणि छोटा राहुल. कथा अशी, की यशोधरा मुलाला सांगते, हे तुझे वडील, यांच्याकडे तुझा वारसा माग. ह्यांना ते नीट दिसेना. नात त्यांचा हात धरून उभी होती. ती आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगत होती, "आजोबा, आई बेबीला पुढे पुश करतेय. बाबा खूप टॉल आहेत." हे मान हलवत होते. मुलगा मागे उभा होता. त्याने फोन काढला नाही.

तर मंडळी, वारसा स्थळ निवडताना मी आता यादीच्या आधी स्वतःला तीन गोष्टी विचारते. तिथे निदान एक पूर्ण दिवस देता येईल का? बरोबर येणाऱ्यांतल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला ते झेपेल का? आणि शेजारी यादीत नसलेलं काय आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली तर जा, मग ते यादीत असो वा नसो.

मुलाला हे सगळं पटलंय असं नाही. हंपी राहिली म्हणून हळहळत परत गेला. मला ते कळतं, हंपी राहिली ती माझ्या हट्टापायी. पण जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी लोकल पकडून नातीला घेऊन तो भाज्याला जाऊन आला. मला न सांगता. पोरीने येऊन सांगितलं, "आजी, तिथे कोणीच नव्हतं, आम्हीच होतो."

तुमच्या घरी सुट्टीचा तक्ता कोण करतं? आणि त्यातलं काय राहून गेलं? जरूर कळवा.