चित्रकथेची वाट हातखंब्यावरून जावी

मुंबई-गोवा महामार्गावरून येणारी वाहने रत्नागिरी शहराकडे वळतात ती हातखंब्याच्या तिठ्यावर. कोल्हापूरहून आंबा घाट, साखरपा, पाली असा येणारा प्रवासीही रत्नागिरीला याच गावावरून जातो. आंब्याच्या पेट्या, मासळीच्या गाड्या, शिमग्याला आणि गणपतीला गावी निघालेले चाकरमानी, निवडणुकीच्या काळातील पुढारी, शिवचरित्राचे व्याख्याते, कीर्तनकार असे सगळे या तिठ्याने पाहिले आहेत. या वाटेवर क्वचितच दिसणारा प्रवासी म्हणजे मुलांसाठी चित्रकथा आणि अद्भुतकथा लिहिणारा लेखक.

परदेशात अशा लेखकाचे वर्षाचे वेळापत्रक असते. कोणते पुस्तक लिहून होत आले आहे, कोणते चित्रकाराच्या मेजावर आहे, कोणत्या गावी कोणत्या दिवशी तो वाचकांना भेटणार आहे, याची माहिती वाचक उत्सुकतेने मिळवतात. आपल्या देशातही २०११ साली दिल्लीत ‘कॉमिक कॉन’ हा मेळा सुरू झाला आणि महानगरांतील तरुणांना अशा भेटींची गोडी लागली. मराठी घरांत मात्र हा प्रश्न विचारला जात नाही. ‘आपल्या मुलांसाठी सध्या कोण काय लिहीत आहे आणि तो आपल्या गावी केव्हा येणार आहे?’ असे विचारणारा पालक विरळाच. जेथे प्रश्नच विचारला जात नाही, तेथे लेखकाला नवे पुस्तक हाती घेण्याचे बळ कोठून मिळावे?

या संदर्भात अनंत पै यांचे उदाहरण पुन्हा पुन्हा आठवावे असे आहे. कर्नाटकातील कारकळ येथे १९२९ साली जन्मलेल्या पै यांची कर्मभूमी मुंबई. १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या कामात ते होते. १९६७ साली दिल्ली दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत ग्रीक पुराणांतील प्रश्नांना धडाधड उत्तरे देणाऱ्या भारतीय मुलांना प्रभू रामचंद्रांच्या मातेचे नाव मात्र सांगता आले नाही. हे दृश्य पै यांच्या मनाला लागले आणि त्याच वर्षी त्यांच्या ‘अमर चित्र कथे’चा आरंभ झाला. या मालेच्या पहिल्या दहा क्रमांकांवर पाश्चात्त्य परीकथा होत्या. अकराव्या क्रमांकावर ‘कृष्ण’ आला. पुढे चारशेहून अधिक पुस्तके, वीसहून अधिक भाषा आणि दहा कोटींवर प्रती असा हा प्रवास झाला. २४ फेब्रुवारी २०११ रोजी पै यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधीच पहिल्या कॉमिक कॉनने त्यांना जीवनगौरव सन्मान दिला होता.

पै यांच्या यशाचे श्रेय केवळ विषयाच्या निवडीला देणे अपुरे ठरेल. ते मुलांशी संबंध राखून होते. १९८० साली त्यांनी सुरू केलेल्या ‘टिंकल’कडे देशभरातून मुलांची पत्रे येत आणि गोष्टीही येत. १९८३ साली अवतरलेला सुप्पांडी हा भोळसट नोकर कोणा संपादकाच्या खोलीत जन्मला नाही. तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या लोककथांतून तो आला आणि राम वाईरकर यांच्या कुंचल्याने त्याला चेहरा दिला. लेखकाचा पुढचा प्रकल्प बहुधा वाचकाच्या अंगणातच सापडतो, याचा याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही. तमिळ लोककथेतील एक नोकर देशभरातील मुलांचा सोबती होतो, मग कोकणातील गोष्ट का होऊ नये?

येथे एक विसंगती मराठी वाचकाने डोळसपणे पाहिली पाहिजे. भारतीय चित्रकथेचा मोठा भाग मराठी हातांनी रेखाटला आहे. ‘कृष्ण’ची चित्रे वाईरकरांची. प्रताप मुळीक यांनी ‘अमर चित्र कथे’तील अनेक व्यक्तिरेखा उभ्या केल्या आणि १९८६ साली हिंदीत अवतरलेल्या ‘नागराज’लाही आरंभीचे रूप दिले. शिकारी शंभूची टोपी वसंत हळबे यांनी काढली, कालिया कावळा प्रदीप साठे यांनी रंगवला. दिलीप कदम यांच्यासारख्या चित्रकारांनी इतिहासातील प्रसंग जिवंत केले. परंतु ‘अमर चित्र कथे’ची संहिता मुळात इंग्रजीत सिद्ध होत असे. म्हणजे मराठी चित्रकाराचे चित्र मराठी मुलाच्या हाती पडे ते इंग्रजीतून वळसा घेऊन, अनुवादाच्या दाराने. हात मराठी आणि शब्द मात्र उसने, ही स्थिती पन्नास वर्षांपूर्वी समजण्यासारखी होती. आजही ती फारशी पालटलेली नसेल, तर त्याचा दोष एकट्या प्रकाशकांच्या माथी मारून चालणार नाही.

दोषाचा मोठा वाटा घरांचा आहे आणि त्यातही संस्कारांविषयी जागरूक असणाऱ्या घरांचा आहे. शिवचरित्र, क्रांतिकारकांची चरित्रे, संतकथा ही पुस्तके अशा घरांत आवर्जून येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र उडते घोडे, बोलणारी झाडे आणि पाताळातील नगरे असलेले पुस्तक मुलाच्या हाती दिसले की ‘वेळ फुकट घालवू नकोस’ असे बजावले जाते. तात्पर्य नसलेली गोष्ट म्हणजे वाया गेलेली गोष्ट, हा समज इतका रुजला आहे की बालसाहित्याच्या नावाखाली पुष्कळदा गोष्टीचे कपडे घातलेले उपदेशच छापले जातात. मुले ते कपडे ओळखतात आणि पुस्तक मिटून ठेवतात.

मराठीची परंपरा या समजाला पाठिंबा देत नाही. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे नाथमाधव, हे ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ लिहिणारे लेखक. सिंहगडावरील एका अपघातात कड्यावरून कोसळून ते पायांनी अधू झाले आणि त्यानंतर त्यांची लेखणी वेगाने चालू लागली. त्याच नाथमाधवांनी १९१३ साली ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी लिहिली आणि मराठी वाचकांच्या पिढ्या तिने भारून टाकल्या. ज्या हाताने स्वराज्याची कथा सांगितली, त्याच हाताने निव्वळ कल्पनेचे राज्यही उभारले. त्या काळच्या वाचकाला यात विरोध वाटला नाही. पुढे भा. रा. भागवतांनी १९५१ साली ‘बालमित्र’ मासिक सुरू केले, ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला ‘फास्टर फेणे’ म्हणून अजरामर केले. रत्नाकर मतकरी यांनी ‘अलबत्या गलबत्या’तून चेटकिणीला रंगमंचावर आणले. १९५२ पासून ‘चांदोबा’ने विक्रमादित्याच्या खांद्यावरचा वेताळ घराघरांत नेला. ‘इंद्रजाल’मधील ‘फॅन्टम’सुद्धा मराठीत आला तो ‘वेताळ’ हे नाव धारण करूनच. आरवलीच्या देव वेतोबाला मानणाऱ्या कोकणात परक्या नायकालाही देशी नाव घेतल्याशिवाय प्रवेश मिळाला नाही, ही लहानशी बाब बरेच काही सांगून जाते.

खुद्द अनंत पै यांनी ‘कृष्ण’ सिद्ध करताना चमत्कारांच्या बाबतीत आरंभी हात आखडता घेतला होता. आधुनिक वाचकाला ते रुचतील की नाही, अशी त्यांना शंका असावी. पुढच्या सुधारित आवृत्तीत गोवर्धनाला मोकळी जागा मिळाली. मुलाला पर्वताचे वजन मोजायचे नसते, त्या पर्वताखाली सारे गोकुळ एकत्र उभे राहिले हे त्याला पाहायचे असते. अद्भुताची ही शक्ती उपदेशाला साधत नाही.

याचा अर्थ काहीही लिहावे आणि काहीही रंगवावे असा नाही. इतिहास आणि कल्पना यांची सीमारेषा लेखकाने पाळली पाहिजे. शिवछत्रपतींच्या चरित्रात मनाचे प्रसंग घुसडून ते इतिहास म्हणून मुलांना देणे हा अपराध आहे. श्रद्धेच्या विषयाला हात घालताना अभ्यास हवा, भाषेचे भान हवे. कल्पितकथेने आपण कल्पित आहोत हे उघडपणे सांगावे आणि मग मनसोक्त उडावे. हा नियम पाळला, तर उडण्याला बंदी घालण्याचे कारण उरत नाही.

आणि उडण्यासाठी लागणारी भूमी रत्नागिरी जिल्ह्यात पायाखाली आहे. हातखंबा या नावापासूनच आरंभ करावा. हात आणि खांब हे दोन शब्द जोडून झालेल्या नावात एखाद्या मुलाला सहज गोष्ट सापडेल. शिमग्यात नमन-खेळे सुरू झाले की काळ्या पोशाखातील संकासुर घुंगरांच्या तालावर अवतरतो. वेद पळवणाऱ्या असुराची ती स्मृती, पण मुले त्याला पाहून आधी भितात आणि मग हसतात. भय आणि हास्य एकाच मुखवट्यात बसवणारी ही व्यक्तिरेखा चित्रकथेसाठी तयारच आहे.

त्याहून मोठा खजिना सड्यांवर पसरला आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पायपीट करून उजेडात आणलेली कातळशिल्पे आज जगाच्या नजरेत आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. उक्षीच्या कातळावर हत्ती आहे. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर त्याहून प्रचंड, सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या देहरेषेच्या आत इतर प्राण्यांची गर्दी आहे. देऊडच्या शिल्पांत तर गेंडा दिसतो. कोकणात आज गेंडा नाही. मग हजारो वर्षांपूर्वी ज्याने तो खोदला, त्याने तो कोठे पाहिला? येथेच वावरणारा पाहिला, दूरदेशी पाहून आठवणीने कोरला, की कोणाच्या तोंडून ऐकला? पुरातत्त्वज्ञ आपल्या पद्धतीने उत्तर शोधतीलच. गोष्टकाराला मात्र हा प्रश्नच पुरेसा आहे. ज्या मुलाला परदेशी लेखकाने रचलेल्या जादूच्या शाळेतील खोल्या पाठ आहेत, त्याला घरापासून काही कोसांवर असलेल्या या हत्तीची गोष्ट कोणी सांगितलेली नाही. परदेशी पुस्तक त्याने वाचू नये असे कोणीही म्हणणार नाही. तेवढेच वाचून त्याने अद्भुत म्हणजे परक्या भाषेतच असते असे मानावे, ही खरी हानी आहे.

ही हानी भाषेचीही आहे. इंग्रजी माध्यमात शिकणारे मराठी मूल घरी मराठी बोलते, पण सलग पानभर मराठी वाचताना अडखळते आणि कंटाळते. अशा मुलासाठी चित्रकथा हा पूल आहे. चित्र अर्थ पुढे नेते, शब्द मोजके असतात आणि पुढच्या चौकटीची ओढ बाकीचे काम करते. चित्रकथा वाचणारे मूल पुढे कादंबरीकडे जाईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण जे मूल मराठीत काहीच वाचत नाही, ते कोठेच जाणार नाही हे निश्चित.

मग करायचे काय? सुदैवाने यातील बहुतेक गोष्टींसाठी शासनाकडे अर्ज करण्याची आवश्यकता नाही. मे महिन्यात मुंबई-पुण्याची मुले आजोळी येतात. इंग्रजी शाळेतील शहरी नातू आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील गावचे मूल एकाच अंगणात खेळते. चित्रकथाकाराला बोलवण्याचा हाच काळ. हातखंब्यासारख्या रस्त्यावरच्या गावी त्याला पोहोचणे सोपे आणि आसपासच्या वाड्यांतील मुलांना जमणेही सोपे. सकाळी मुलांना घेऊन कातळशिल्प पाहावे, जाणकाराकडून माहिती ऐकावी आणि दुपारी लेखक-चित्रकाराने मुलांसमोर फळ्यावर गोष्ट उभी करावी. भाषण शक्यतो टाळावे. अध्यक्षीय समारोप तर अवश्य टाळावा.

पाहुण्याला शाल-श्रीफळ द्यावेच, पण प्रवासखर्च आणि योग्य मानधनही द्यावे. मुलांसाठी लिहितो म्हणून लेखकाला पोट नसते असे नाही. कार्यक्रमाच्या जागी त्याची पुस्तके विक्रीस ठेवावीत आणि येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एक तरी विकत घ्यावे. वाढदिवसाच्या भेटवस्तूंत एका मराठी चित्रकथेची भर पडली, तरी प्रकाशकाला पुढच्या पुस्तकाचे धाडस करता येईल. ज्या रत्नागिरीत १८२८ साली सार्वजनिक वाचनालय उभे राहिले, ज्या जिल्ह्याने मालगुंडला केशवसुतांचे स्मारक जतन केले, तेथील गावोगावच्या ग्रंथालयांना मुलांच्या उंचीचे एक कपाट जड जाऊ नये. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक महाजालावर विनामूल्य खुले केले आहेत. कपाट भरेपर्यंत तेवढे भांडारही पुरेसे आहे.

अनंत पै यांना एका प्रश्नमंजूषेने अस्वस्थ केले आणि त्यांनी आयुष्य त्या अस्वस्थतेला वाहिले. प्रत्येकाकडून तेवढी अपेक्षा नाही. गावातील चार घरांनी मिळून येत्या सुट्टीसाठी एका लेखकाला पत्र लिहावे, इतकीच अपेक्षा आहे. त्याच्या वहीत पुढच्या भेटीचे गाव म्हणून हातखंब्याचे नाव लिहिले गेले, तर त्या वहीच्या पुढच्या पानावर देऊडचा गेंडा अवतरण्यास वेळ लागणार नाही.