कप्तानाचा गुन्हा कोणता?

मंडळी, जहाजावरच्या मालात अमली पदार्थ सापडले की बहुधा पहिली बेडी कप्तानाच्या हातात पडते. हे मला पटत नाही.

२०१९ सालचे उदाहरण घ्या. 'यूबीसी सव्हाना' हे जहाज कोलंबियाहून कोळसा घेऊन मेक्सिकोच्या आल्तामिरा बंदरात आले. कोळसा उतरवताना त्यात दोनशे किलोहून जास्त कोकेन निघाले. पोलिश कप्तानाने काम थांबवून ताबडतोब कळवले. बक्षीस काय? सुमारे वीस महिने कैद! आरोप निष्काळजीपणाचा. सुटका २०२१ मध्ये झाली.

हजारो टन कोळसा बंदरातली यंत्रे जहाजाच्या पोटात ओततात. तो काय कप्तानाने चाळून घ्यायचा? कंटेनर तर सीलबंदच येतात.

आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा कलम २५ मध्ये 'जाणूनबुजून' वाहन वापरू देणाऱ्यालाच दोषी धरतो. पण कलम ३५ प्रमाणे आरोपीला ते माहीत होते असे आधीच गृहीत धरले जाते. माहीत नव्हते, हे त्याने निःसंशय सिद्ध करायचे. जे मनात नव्हतेच त्याचा पुरावा आणायचा कुठून?

सामील असलेल्या कप्तानाला जरूर शिक्षा करा. पण जो स्वतः कळवतो त्यालाच कोंडले, तर पुढचा कप्तान पुडकी समुद्रात टाकून गप्प बसेल. मग खरे तस्कर कसे सापडणार?

अटकेतल्या खलाशांना न्याय्य वागणूक मिळावी म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे केली. पण ती बंधनकारक नाहीत. आपल्या कोकणातलीही कितीतरी मुले बोटीवर आहेत. तुम्हाला काय वाटते, जरूर लिहा.