माहीमला बस बदला

विनंती थांबा

मुंबईच्या पोटातून एक जुनी वेस जाते. नकाशावर ती आखलेली नसते, पण प्रत्येक रिक्षावाल्याला पाठ असते. पश्चिमेला माहीम, पूर्वेला शीव, आणि तिच्या दक्षिणेला रिक्षाला मज्जाव. बेस्टचे बसक्रमांकही याच वेशीवर बदलत आले आहेत. दोनशेच्या आतले क्रमांक शहराचे, दोनशेपासून पश्चिम उपनगरांचे, तीनशेपासून पूर्व उपनगरांचे. चारशेवाल्या बस पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या आणि पाचशेवाल्या नवी मुंबईच्या. ही पद्धत ज्यानं कुणी बसवली त्याला मी मनोमन नमस्कार करतो. पाटीवरचं गावाचं नाव वाचता आलं नाही तरी नुसत्या आकड्यावरून बस कुठल्या बाजूला निघालीय ते कळतं. अलीकडे क्रमांकाच्या आधी ‘ए’ वगैरे अक्षरं लागू लागली आणि त्या सोपेपणाला थोडा चरा पडला, पण तो विषय वेगळा.

दिवसा ही वेस कुणाला जाणवत नाही. रात्री बारानंतर मात्र ती खरोखरच वेस होते. करोनाच्या टाळेबंदीनंतर बेस्टनं मध्यरात्र ते पहाट अशी सेवा मोजक्या मार्गांवर जाहीर केली, त्यातले मुख्य मार्ग पाहा. १ क्रमांक कुलाब्याच्या इलेक्ट्रिक हाऊसहून माहीमपर्यंत. ६६ तिथूनच शीवपर्यंत. माहीमहून पुढे २०२ बोरिवलीच्या दिशेनं, शीवहून ३०२ मुलुंडच्या दिशेनं. साधारण तासाला एक बस. आखणी शहाणपणाची आहे. लोकल बंद असताना दोन्ही रेल्वेमार्गांना समांतर असा हा रस्त्यावरचा कणा आहे.

अडचण सुरू होते ती माहीमला. समजा, कुलाब्याच्या एखाद्या उपाहारगृहाच्या भटारखान्यात काम करणारा माणूस एक वाजता सुटला आणि त्याला मालाडला जायचंय. १ क्रमांकानं तो दोनच्या आसपास माहीमला उतरतो. २०२ त्याच वेळी सुटणार असेल तर उत्तम. ती पाच मिनिटं आधी सुटून गेलेली असेल तर पुढची तीनला. दिवसा पाच मिनिटांची चूक पाच मिनिटांतच भरून निघते, कारण मागून दुसरी बस येते. रात्री त्याच चुकीची किंमत एक तास. तो तास रस्त्यावर उभं राहून काढायचा, नाहीतर रिक्षाला हात करायचा, म्हणजे त्या रात्रीच्या मजुरीतला एक तुकडा काढून द्यायचा. मध्यरात्र ते पाच या वेळात मीटरच्या वर पंचवीस टक्के जास्त मोजावे लागतात हे विसरू नका. कुलाब्यापासून माहीमपर्यंत टॅक्सी केली तर साडेतीनशे-चारशे रुपये सहज होतात. बस त्याच्या दहाव्या हिश्शात नेते.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की रात्रीच्या सेवेला ‘दर तासाला’ हे शब्द पुरत नाहीत. दर तासाला म्हणजे किती वाजता? सव्वाला, की पावणेला? आणि माहीमला २०२ ही १ क्रमांकाच्या बससाठी थांबणार का? प्रवाशाला हे ठाऊक नसेल तर ती बस धावली काय आणि न धावली काय. आपल्याकडे बसथांब्याच्या पाटीवर क्रमांक असतो, बस कुठे जाते ते असतं, वेळ बहुधा नसते. दिवसा ते चालून जातं. मुंबईची रहदारी अशी की वेळ लिहिली तरी ती पाळणार कोण? पण रात्री दोन वाजता दादरच्या टिळक पुलावर कसली कोंडी असते? याच पाच तासांत या शहरात बसचं वेळापत्रक मिनिटाला पाळता येतं, आणि नेमकं तेव्हाच ते थांब्यावर लिहिलेलं नसतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ॲप बघा. बेस्टच्या बस ‘चलो’ ॲपवर दिसतात, बस कुठे पोहोचली ते नकाशावर कळतं, तिकीटही काढता येतं. ॲपला माझा विरोध नाही. पण रात्रीचा प्रवासी कोण हे लक्षात घ्या. बारा तास उभं राहून सुटलेला वॉचमन, ज्याच्या फोनची बॅटरी संपलेली असते. केईएमच्या किंवा टाटाच्या वॉर्डातून रात्री घरी परतणारे नातेवाईक, जे मुळात मुंबईचेच नसतात. भायखळ्याच्या भाजीबाजारातला हमाल, दादरच्या फुलबाजारात पहाटेच्या आत पोहोचायचं असलेली बाई, ससून डॉकला मासळी घ्यायला निघालेली कोळीण. यातल्या निम्म्यांकडे स्मार्टफोन असेलही. तरी त्यांनी तो रात्री दोन वाजता निर्मनुष्य थांब्यावर हातात धरून उभं राहावं, असं शहाणा माणूस सांगणार नाही. शिवाय ॲप दाखवतं ते बस आत्ता कुठे आहे. ती रोज किती वाजता असते, हे ज्याला पाळीच्या आधीच ठरवायचंय त्याचं काय?

बायकांच्या सुरक्षिततेवर आपण फार बोलतो. सीसीटीव्ही लावतो, दिवे वाढवतो, हेल्पलाइनचे आकडे छापतो. हे सगळं हवंच. पण थांब्यावर एक वाजून चाळीस मिनिटं असं लिहिलेलं असेल आणि बस खरोखर त्या वेळी येत असेल, तर कामावरून सुटलेल्या बाईवर पस्तीस मिनिटं एकटीनं उभं राहायची वेळच येत नाही. एक-पस्तीसपर्यंत ती कामाच्या ठिकाणी उजेडात, माणसांत बसू शकते. इतकी स्वस्त सुरक्षा दुसरी कुठली असेल तर मला सांगा.

बसच्या पाटीविषयीही थोडं. राणी लक्ष्मीबाई चौक म्हणजे शीव, महाराणा प्रताप चौक म्हणजे मुलुंडचा चेकनाका, अहिल्याबाई होळकर चौक म्हणजे चर्चगेट. रोजच्या प्रवाशाला हे पाठ असतं. नव्या माणसाला नसतं, आणि रात्री विचारायला शेजारी कुणी उभं नसतं. चौकांना थोरांची नावं द्यावीत, जरूर द्यावीत. त्या नावाखाली कंसात ठळक अक्षरांत सर्वांच्या तोंडी असलेलं नावही द्यावं. काही पाट्यांवर ते असतं, काहींवर नसतं, आणि इलेक्ट्रॉनिक पाटीवर अक्षरं सरकायला लागली की बस समोरून निघून जाईपर्यंत नेमकं हवं ते नाव यायचं राहतं. पत्र्याच्या पाट्यांच्या काळात पुढे मराठी आकडा, बाजूला इंग्रजी आकडा, आणि मर्यादित बस असेल तर तो लाल रंगात, एवढं लांबूनच कळायचं. त्या पाट्या रंगवणाऱ्यांना माहिती कशी मांडावी हे पक्कं माहीत होतं. (‘मास्तर, कुठे जाते?’ हा प्रश्न त्यामुळे कमी झाला नाही ही गोष्ट निराळी. मुंबईकराला पाटी वाचूनही मास्तरला विचारल्याशिवाय चैन पडत नाही.)

आता मार्ग बदलण्याविषयी. मुंबईत सध्या पूल पाडण्याचे दिवस आहेत. शीवचा रेल्वेवरचा उड्डाणपूल १ ऑगस्ट २०२४ पासून वाहनांना बंद झाला, २०२५ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला, आणि दोन्ही वेळा कितीतरी बस वळवाव्या लागल्या. हे टळणारं नाही, इंग्रजांच्या काळातले पूल कधीतरी पाडावेच लागणार. नव्या पुलांच्या तुळया टाकायचं, रस्ता खणायचं, काँक्रीट ओतायचं बरंचसं काम रात्री होतं, कारण रात्री रस्ता मोकळा असतो. म्हणजे मार्ग सगळ्यात जास्त वेळा बदलतो तो रात्रीच्या बसचा. आणि वळवलेल्या मार्गाची खबर कुठे लागते? प्रसिद्धिपत्रकात, समाजमाध्यमावर, सकाळच्या वर्तमानपत्रात. बस ज्या थांब्यावर येणार नाही त्या थांब्याच्या खांबावर क्वचितच. दिवसा दुकानदार सांगतो, ‘अहो, ती बस आता इथून जात नाही, पलीकडून जाते.’ रात्री दुकानाचं शटर बंद असतं.

लंडनमध्ये रात्रीची बस १९१३ पासून आहे आणि आज तिचे मार्ग दोन प्रकारचे आहेत. काही दिवसाच्याच क्रमांकानं चोवीस तास धावतात; त्यांच्या क्रमांकाखाली थांब्याच्या पाटीवरच ‘२४ तास’ असं छापलेलं असतं. फक्त रात्री धावणाऱ्यांच्या क्रमांकाआधी ‘एन’ असतो. थांब्याच्या चौकटीत रात्रीच्या वेळा छापून लावलेल्या असतात, आणि मोठा बदल करायचा तर आधी लोकांची मतं मागवली जातात. आपण लंडन नाही हे मान्य, आपल्याकडे पैसे नाहीत हेही मान्य. पण क्रमांकाखाली ‘२४ तास’ लिहायला चमचाभर रंग लागतो. मुंबईची रात्रीची बस दिवसाच्याच क्रमांकानं धावते, त्यामुळे थांब्यावर लिहिलेल्या दहा क्रमांकांपैकी कुठला रात्री दोनलाही येतो हे पाटी बघून कळायला काहीच मार्ग नाही. पुण्याच्या पीएमपीनं निदान आपल्या रात्रीच्या बसना ‘रातराणी’ म्हटलं. एसटीची रातराणी त्याहून जुनी, तिला तर अख्खा महाराष्ट्र ओळखतो. नाव असलं की विचारता येतं, ‘रातराणी किती वाजता?’ मुंबईच्या बसला नाव नाही, म्हणून तिच्याबद्दलचा प्रश्नसुद्धा नीट विचारता येत नाही.

बेस्टची बाजू मला ठाऊक आहे. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस काढणारा हा उपक्रम आज कर्जात आहे. एकेकाळी चार हजारांच्या पुढे असलेला ताफा तीन हजारांच्या खाली आला आहे, आणि त्यातल्या बहुसंख्य बस कंत्राटदारांच्या आहेत. मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचावरून दहा रुपये करावं लागलं. दिवसाच्या रांगा हटत नाहीत, तिथे रात्रीच्या दहा-बारा प्रवाशांसाठी कोण डोकं लावणार? हा युक्तिवाद मला मान्य झाला असता, पण मी नव्या बस मागतच नाही. ज्या धावतायत त्यांची वेळ सांगा, एवढंच म्हणतो. प्रवासी कमी आहेत म्हणून माहिती नाही आणि माहिती नाही म्हणून प्रवासी कमी आहेत, हे चक्र फोडायचं तर माहितीच्या बाजूनं फोडणं सगळ्यात स्वस्त.

आणि सरकारनं एक गोष्ट सोयीनं विसरू नये. २०१७ च्या दुकानं व आस्थापना कायद्यानं रात्रभर दुकानं चालवायला वाट करून दिली. २०२० च्या जानेवारीत मुंबईतले मॉल आणि बंदिस्त आवारांतली खाण्याची ठिकाणं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. रात्रपाळीच्या महिला कामगारांना घरी पोहोचवायची जबाबदारी कायदा मालकावर टाकतो. तिथंच काम करणाऱ्या पुरुष कामगाराची जबाबदारी कुणावर? लोकल एकच्या सुमारास संपते, मेट्रो त्याच्याही कितीतरी आधी. तीन-चार तासांची ती पोकळी भरायला बसशिवाय काही नाही.

गणेशोत्सवात मात्र सगळं जमतं. दरवर्षी लालबाग-परळच्या देखाव्यांसाठी रात्रीच्या जादा बस सुटतात आणि कुठली बस कुठून किती वाजेपर्यंत हे आधीच जाहीर होतं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीसाठी, एकतीस डिसेंबरला चौपाट्यांसाठी तसंच. म्हणजे कौशल्य आहे, माणसं आहेत, सवयही आहे.

तेव्हा बेस्टकडे मागण्या फार नाहीत. रात्रीच्या मार्गांवरच्या थांब्यांवर रात्रीच्या वेळा लिहा. माहीमच्या आणि शीवच्या चौकीतल्या, बस सोडणाऱ्या स्टार्टरला पुढची जोडबस पाच-सात मिनिटं धरून ठेवायचा लेखी अधिकार द्या, आणि तशी ती धरली जाते हे बसमध्येही लिहा. रस्ता बंद होणार असेल तर आधीच्या आठवड्यात खांबावर कागद चिकटवा.

शेवटची मागणी आढाव्याची. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात बसमार्ग का बदलला, असं जाहीर बैठकीत उभं राहून विचारायला महापालिकेची बेस्ट समितीच नव्हती. समितीत पूर्वी भांडणं व्हायची, वेळ वाया जायचा, पण अमक्या वस्तीची बस का तोडली याचं उत्तर अधिकाऱ्याला द्यावं लागायचं आणि ते छापून यायचं. रात्रीच्या मार्गांचा आढावा अशाच जाहीर बैठकीत व्हावा, आणि ती बैठक संध्याकाळी पाच-सहाला ठेवावी, कारण ज्यांनी त्यात बोलायला हवं ते सकाळी झोपलेले असतात.

— पाटीवाचक