भीती उथळ पाण्याची

परवा सिडनीहून मुलाचा फोन आला. "आबा, तुम्हीच समजवा ह्याला. तुमचं ऐकेल." 'ह्याला' म्हणजे माझ्या नातवाला, वय वर्षे १९. वाळूच्या किनाऱ्यावर तीन वर्षं सर्फिंग केलं, आता म्हणे खडकावर फुटणाऱ्या लाटेवर जायचंय. शिक्रापूरच्या निवृत्त मास्तरला समुद्र दिसला तो शाळेच्या सहलींत. पण मत आहे, तर मांडतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधलं सर्फिंग पॅरिसपासून सुमारे १५,७०० किलोमीटर दूर, ताहिती बेटावर तेआहुपोला झालं. नातवामुळे मीही ते पाहिलं. खोल समुद्रातली लाट वाटेत न मंदावता एकदम प्रवाळाच्या खडकावर येते आणि भिंतीसारखी उभी राहते. वर घराएवढी लाट, खाली खडकावर पाणी मात्र अगदी थोडं. म्हणून जाणते लोक तिथे पडतानाही आडवे, पसरट पडतात. डोक्यावर कधी नाही.

ते पाहताना मला आमची विहीर आठवली. मामांनी पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकवलं, पण सूर मारू दिला नाही. म्हणाले, "आधी उन्हाळ्यात तळ बघ, मग पाणी भरल्यावर उडी मार." पाण्याखाली एका अंगाला खडकाचा टप्पा होता. माझ्या वर्गातल्या एका मुलाला तो ठाऊक नव्हता. चैत्रात पाणी उतरलेलं असताना त्यानं थारोळ्यावरून सूर मारला. जीव वाचला, पण तो पुन्हा चालला नाही. "खोल पाण्यात जाऊ नको" हे त्याला घरच्यांनी शंभरदा बजावलं होतं. उथळाचं कुणीच बोललं नव्हतं.

आपण मोठी माणसं 'जाऊ नको' म्हणून मोकळे होतो. त्यात काळजी असते, माहिती नसते. मग पोरं चोरून जातात, आणि एकटी जातात. तेआहुपोला पुरुषांचं सुवर्ण मिळवलं कौली वास्तनं. तो ताहितीतच वाढलेला. ती लाट त्याच्या ओळखीची होती. धाडस या ओळखीनंतर यावं, आधी नाही.

म्हणून मी नातवाला मनाई केली नाही. तीन प्रश्न विचारले. ओहोटीला तो खडक पाहिलास का? नुसतं काठावर बसून किती दिवस लाटा पाहिल्यास? सोबत तिथला जाणता कोण आहे? पहिल्याला "हो" आलं, दुसऱ्याला "एकदाच". तिसऱ्याला तो गप्प बसला. मग म्हणाला, "बघतो, आबा."

त्या 'बघतो'नं मला रात्रभर झोप लागली नाही, हे कबूल करतो. मुलगाही थोडा रागावलाय. तरी 'जाऊ नको' म्हणालो असतो, तर ते तिसऱ्या प्रश्नावरचं गप्प बसणं मला ऐकूच आलं नसतं.

असो. तुम्ही काय केलं असतं? जरूर लिहा.